नोंदवही, यंत्र आणि देशोदेशींची रीत



१९८३ साली मी शाळेंत नोकरीस लागलों. पुढील छत्तीस वर्षांपैकीं बराच काळ शाळेची जनरल रजिस्टर नांवाची जाडजूड नोंदवही माझ्या ताब्यांत होती. मुलाचें नांव, आईचें नांव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, पूर्वीची शाळा असे तिचे रकाने. एकदां शिष्यवृत्तीचे अर्ज वांटावयाचे होते. घाईघाईनें मीं ती वही वर्गांतच उघडली आणि जातीच्या रकान्यावरून बोट फिरवीत मोठ्यानें नांवें पुकारलीं. कोणाचा उपमर्द करावा असें माझ्या स्वप्नांतहि नव्हतें. पण मागच्या बांकावरील एक हुशार मुलगा दुसऱ्या दिवशीं शाळेंत आला नाहीं. आणि चार दिवसांनीं आला तेव्हां त्यानें माझ्याकडे मान वर करून पाहिलें नाहीं. वहींतील अक्षर न् अक्षर खरें होतें. तें कोठें उघडावें आणि कोणासमोर वाचावें एवढेंच मला कळलें नव्हतें.

आतां त्या वहीची जागा संगणकानें घेतली आहे. मी मॅट्रिक होऊन मास्तर झालेला माणूस. त्या यंत्राच्या पोटांत काय चालतें हें मला सांगतां येणार नाहीं. परंतु निवृत्तीनंतर वाचनास वेळ मिळाला आणि एक गोष्ट ध्यानांत आली. आपण संगणकाला पाण्याच्या नळासारखा समजतों. मुंबईंत बसविला काय आणि बर्लिनमध्यें बसविला काय, तोटी फिरविली कीं पाणी यावयाचेंच! यंत्रापुरतें हें खरें आहे. पण त्यांत काय भरावें, काय भरूं नये, भरलेलें कोणीं पाहावें आणि पाहणाऱ्यावर कोणीं नजर ठेवावी, हें ज्या त्या देशाच्या आठवणी ठरवितात, आणि मग त्या आठवणींचा कायदा होतो. हें कसें घडतें तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम हॉलंडमधील एक प्रसंग सांगतों, कारण त्यावांचून जर्मन लोकांची भीति आपणांस समजावयाची नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हॉलंडच्या प्रत्येक नगरांत रहिवाशांची नोंद मोठ्या नीटनेटकेपणानें ठेवीत असत. दर माणशी एक कार्ड. त्यावर नांव, पत्ता, जन्म आणि धर्म. धर्माचा रकाना कोणीं दुष्टपणानें घातला नव्हता. पण १९४० च्या मे महिन्यांत जर्मन सैन्यानें देश व्यापला, आणि तीं कार्डें नव्या धन्याच्या हातीं आयतीं पडलीं. त्या देशांतील सुमारें १,४०,००० ज्यूंपैकीं जवळजवळ तीन चतुर्थांश लोक युद्धांतून जिवंत वांचले नाहींत. २७ मार्च १९४३ च्या रात्रीं ॲमस्टरडॅममधील कांहीं माणसें पोलिसांचा वेष घेऊन नगराच्या नोंदणी-कचेरींत शिरलीं आणि त्यांनीं कार्डांचे ढीग पेटवून दिले. चित्रकार विलेम अरोंडेयस हा त्यांचा एक म्होरक्या. कार्डें सगळीं जळलीं नाहींत. माणसें मात्र पकडलीं गेलीं, आणि १ जुलै रोजीं त्यांतील बारा जणांस गोळ्या घातल्या. आपल्याच नगराची नोंदवही जाळण्यासाठीं सभ्य माणसांना प्राण द्यावे लागले, ही गोष्ट माझ्यासारख्या वही सांभाळणाऱ्याच्या मनांत घर करून राहिली आहे.

जर्मनीनें हा अनुभव स्वतःच्या घरांत दोनदां घेतला. १९३९ च्या मे महिन्यांतील खानेसुमारींत तेथील कुटुंबांना एक जोडपत्र भरून द्यावें लागलें. आजा-आजींपैकीं कोणी ज्यू होतें काय, हा त्यांतील प्रश्न. खानेसुमारीची मोजणी भोंकें पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांवर होत असे, आणि आजच्या संगणकाच्या वंशावळींत त्या यंत्रांचें नांव येतें. युद्धानंतर पूर्व जर्मनींत दुसरी राजवट आली. ती १९८९ साली कोसळली तेव्हां तिच्या हेरखात्यांत सुमारें ९१,००० पगारी नोकर होते, आणि दफ्तर इतकें कीं एका ओळींत उभें केलें तर १११ किलोमीटर भरावें. १९९२ पासून नागरिकांना आपापली फाइल वाचावयास मिळूं लागली. कोणाला तींत शेजारी खबऱ्या म्हणून भेटला, कोणाला मित्र, आणि कोणाला तर स्वतःच्याच घरांतील माणूस.

अशा देशांत माहितीच्या रक्षणाचा जगांतील पहिला कायदा व्हावा यांत नवल नाहीं. तो हेसे प्रांतानें १९७० साली केला. त्यानंतर १९८३ साली पश्चिम जर्मनीच्या सरकारनें नवी खानेसुमारी घेण्याचें ठरविलें. प्रश्न अगदीं साधे होते: घर केवढें, कामावर कसे जातां, अशा थाटाचे. तरी देशभर काहूर उठलें आणि प्रकरण घटना-न्यायालयापुढें गेलें. १५ डिसेंबर १९८३ रोजीं न्यायालयानें निकाल दिला. स्वतःसंबंधीची माहिती कोणास आणि कितपत द्यावी हें ठरविण्याचा हक्क मूलतः ज्याचा त्याचा आहे, असें त्यानें सांगितलें. त्याची मीमांसा लक्षांत घेण्याजोगी आहे. आपल्याविषयीं कोणाला काय ठाऊक आहे हें ज्या माणसाला उमगत नाहीं, तो सभेला जावें कीं न जावें या विचारांत पडतो, हळूहळू आपले हक्क बजावणें सोडतो. आणि यांत एकट्याचें नुकसान नसून लोकराज्याचें आहे. खानेसुमारीचा कायदा सुधारावा लागला, आणि ती प्रत्यक्षांत १९८७ साली पार पडली.

या निकालाची छाया आजच्या यंत्रांवर पडलेली स्पष्ट दिसते. गूगल कंपनीनें २०१० साली जर्मनीच्या वीस शहरांतील रस्त्यांचीं छायाचित्रें इंटरनेटवर घालावयाचें ठरविलें, तेव्हां सुमारें २,४४,००० कुटुंबांनीं ‘आमचें घर दाखवूं नका’ म्हणून कळविलें. कंपनीला तेवढीं घरें धुक्यांत झांकावीं लागलीं. पुढील वर्षीं तिनें तेथें नवीं चित्रें घेण्याचें कामच थांबविलें आणि तें पुन्हां हातीं घेतलें २०२३ साली. आपल्याकडे त्याच चित्रांत आपलें घर दिसलें कीं मुलें टाळ्या पिटतात! या सावधपणाची किंमतहि जर्मनांनीं मोजली आहे. २०२० च्या करोना-साथींत त्यांच्या आरोग्य-कचेऱ्या रोग्यांचे आंकडे फॅक्सनें धाडीत होत्या. निरनिराळ्या सरकारी दफ्तरांना जोडणारा एकच क्रमांक नागरिकाला नको, हा तेथील जुना आग्रह. पण २०२१ साली कायदा करून कराचा क्रमांक अशा कामीं वापरण्याची वाट त्यांनाहि मोकळी करावी लागली. भीति रास्त असली तरी तिचें भाडें दर महिन्याला द्यावें लागतें, असें माझें मत आहे.

फ्रान्सची तऱ्हा निराळी. सरकारानें मोठीं कामें स्वतः अंगावर घ्यावीं ही तेथील जुनी संवय. टेलिफोन-खात्यानें १९८२ पासून देशभर मिनिटेल नांवाचीं छोटीं पडद्याचीं यंत्रें घरोघर फुकट वांटलीं. छापील टेलिफोन-निर्देशिकेऐवजीं पडद्यावर नंबर शोधावा, रेल्वेची जागा राखून ठेवावी, बाजार करावा. खर्च टेलिफोनच्या बिलांत लागावयाचा. उर्वरित जगाला इंटरनेट ठाऊक होण्यापूर्वीं फ्रेंच गृहिणी हें सर्व करीत होत्या. मिनिटेल बंद झालें ३० जून २०१२ रोजीं. मात्र सरकारवर एवढा भरंवसा ठेवणाऱ्या याच लोकांनीं, सगळीं सरकारी दफ्तरें एका क्रमांकानें जोडण्याची ‘सफारी’ नांवाची योजना १९७४ साली वर्तमानपत्रांतून बाहेर फुटतांच असा गिल्ला केला कीं ती सोडून द्यावी लागली, आणि १९७८ साली नागरिकांच्या माहितीवर पहारा ठेवणारें स्वतंत्र मंडळ स्थापावें लागलें. यंत्र सरकारनें द्यावें, पण आमच्यावर टिपण ठेवूं नये, असा त्यांचा हिशेब.

येथवर ऐकून आपण म्हणाल, ज्यांनीं याद्यांपायीं दुःख भोगलें ते याद्यांना भितात, एवढेंच ना? तर एस्टोनियाकडे पाहा. बाल्टिक समुद्राच्या कांठचा हा देश. लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १९४९ च्या मार्च महिन्यांत सोव्हिएत राजवटीनें याद्या करून तेथील वीस हजारांवर माणसें, बहुतेक बायका, मुलें आणि म्हातारीं, आगगाड्यांत कोंबून सायबीरियांत धाडलीं. म्हणजे यादीचा चटका त्यांनाहि बसला होता. तरी १९९१ साली पुन्हां स्वतंत्र झाल्यावर त्यांनीं जर्मनीच्या अगदीं उलट वाट धरली. २००२ पासून प्रत्येकाला संगणकांत चालणारें ओळखपत्र. त्यावरील अकरा आंकडी क्रमांक असा कीं त्यावरून माणूस पुरुष कीं स्त्री आणि जन्म कोणत्या दिवशींचा हें कोणालाहि कळावें, आणि तो लपवून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाहीं! सही, कर, औषधाची चिठ्ठी, सर्व त्या पत्रावर. २००५ पासून मतदानहि. आणि २०२३ च्या पार्लमेंटच्या निवडणुकींत निम्म्याहून अधिक मतें इंटरनेटवरून पडलीं.

हें कसें साधलें? माझ्या समजुतीप्रमाणें कारण असें. एस्टोनियन माणसाच्या लेखीं वाईट राज्य हें परक्यांचें होतें. नवें राज्य त्याचें स्वतःचें. देश गरीब, जुनीं यंत्रें नाहींत, कारकून पोसावयास पैसा नाहीं. शिवाय कायद्यानें दोन गोष्टी पक्क्या केल्या. सरकारानें एकदां विचारलेली माहिती पुन्हां विचारूं नये. आणि सगळी माहिती एका कोठारांत न ठेवतां ज्या त्या खात्यांत राहावी, खात्याखात्यांनीं ती ठराविक वाटेनें मागावी, आणि तशी मागणी झाली कीं तिची नोंद व्हावी. माझी नोंद कोणीं उघडली हें नागरिकाला घरबसल्या पाहतां येतें. पोलीस किंवा डॉक्टर यांनीं विनाकारण डोकावलें तर त्यांस जाब द्यावा लागतो. मला तर हें वाचून फार हेवा वाटला. माझ्या रजिस्टराला असा रकाना असता, ‘आज ही वही कोणीं, कशासाठीं उघडली’, तर ती वर्गांत उघडण्यापूर्वीं माझा हात थबकला असता!

एस्टोनियाची भीति दुसरीकडे आहे. आपलें सरकार आपल्यावर पाळत ठेवील, यापेक्षां शेजारी आपला देशच गिळील ही ती भीति. २००७ साली एका सोव्हिएत स्मारकाच्या स्थलांतरावरून वाद पेटला, तेव्हां तेथील बँका, वर्तमानपत्रें आणि सरकारी कचेऱ्यांच्या संगणकांवर कित्येक दिवस परदेशांतून हल्ले झाले. म्हणून २०१७ साली लक्झेम्बर्गशीं करार करून त्यांनीं राष्ट्राच्या महत्त्वाच्या दफ्तरांची प्रत तेथें ठेवण्याची व्यवस्था केली. भूमि गेली तरी नोंदवही उरावी, अशी ती तजवीज. त्याच वर्षीं त्यांच्या साडेसात लाखांवर ओळखपत्रांतील चिपांत दोष निघाला. सरकारानें तो लपविला नाहीं, पत्रें कांहीं काळ निकामी करून दुरुस्त केलीं. लोकांचा विश्वास त्यानें ढळला नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं पहिले आधार-क्रमांक वांटले गेले. हा बारा आंकडी क्रमांक एस्टोनियाच्या उलट मुद्दाम निरर्थक ठेवला आहे; त्यावरून जन्म, प्रांत, लिंग कांहींच कळूं नये. २०१६ च्या आधार कायद्यानें तर नोंदवावयाच्या माहितींतून धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न स्पष्टपणें वगळलीं आहेत. जनरल रजिस्टरचा तो रकाना येथें नाहीं, हें वाचून मला किती बरें वाटलें म्हणून सांगूं! २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ च्या बहुमताच्या निकालानें आधार कायम ठेवला, खाजगी कंपन्यांनीं तो मागण्याची वाट बंद केली, आणि शाळेंतील प्रवेशासाठीं तो सक्तीचा नाहीं असें सांगितलें. कंपन्यांच्या बाबतींत २०१९ साली कायदा सुधारून ग्राहकाच्या राजीखुशीची वाट पुन्हां किंचित् उघडली, तो भाग निराळा.

पण निकाल लागला तरी रीत लगेच बदलत नाहीं. त्याच साली दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या पालावरून एक ऊसतोड बाई मुलीला घेऊन शाळेंत आली. पदराच्या गांठींतून तिनें आधारच्या कार्डाची घडी काढली आणि मीं न मागतां टेबलावर ठेवली. मीं म्हटलें, “बाई, हें नसलें तरी चालतें. पोरीला बसूं द्या.” तिचा विश्वास बसेना. कोयत्यानें तिच्या अंगठ्यावरच्या रेघा पार झिजल्या होत्या. रेशनच्या दुकानांतलें यंत्र त्या कधीं ओळखी, कधीं ओळखत नसे, असें ती सांगूं लागली. तरी कार्डाबद्दल तिचा राग नव्हता. जन्माचा दाखला नाहीं, सातबारा नाहीं, सहा महिने ह्या गांवीं तर सहा महिने त्या गांवीं. सरकारचा म्हणून नांवाचा कागद तिला जन्मांत मिळाला तो एवढाच. जर्मन माणूस लिहिला जाण्याला भितो. ही बाई लिहिली न जाण्याला भीत होती, आणि तिच्या बाजूनें पाहतां तिचें चुकत नव्हतें.

मीं रजिस्टर उघडलें. मुलीचें नांव, आईचें नांव लिहिलें. जातीचा रकाना आला तेव्हां बाकीच्या पोरांना बाहेर खेळावयास पाठविलें आणि मग हलकेच विचारलें. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळून म्हणाली, “गुरुजी, शाईनं लिहिलंय न्हवं?”