कम्पाइल झालं, पुढे काय?

धरणगावात सी शिकवताना मी मुलांना जवळजवळ सारखे दिसणारे दोन प्रोग्राम टाइप करायला लावतो. पहिल्यात २५ चं वर्गमूळ काढायचं, आकडा थेट प्रोग्राममध्ये लिहून. दुसऱ्यात आकडा कीबोर्डवरून घ्यायचा आणि मग वर्गमूळ काढायचं. उबुंटूवर जीसीसीने पहिला बिनतक्रार चालतो. दुसरा अडतो. पडद्यावर येतं: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. सोबत ‘सीसी’ने सुरू होणाऱ्या कुठल्याशा फाइलचं नाव.

“सर, ही फाइल तर मी बनवलीच नाही.”

ती कम्पायलरने बनवलेली तात्पुरती ऑब्जेक्ट फाइल असते. पहिल्या प्रोग्राममध्ये आकडा आधीच ठाऊक असल्याने कम्पायलर स्वतःच वर्गमूळ काढून उत्तर लिहून टाकतो, फंक्शनला हाक मारायची वेळच येत नाही. दुसऱ्यात ती हाक उरते. मॅथ.एच या हेडरमध्ये फंक्शनची फक्त ओळख असते. त्याचा खरा कोड गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असतो, आणि लिनक्सवर सीसाठी जीसीसी ती आपणहून जोडत नाही. आज्ञेच्या शेवटी ‘-एलएम’ लिहावं लागतं. घरच्या विंडोजवर मिनजीडब्ल्यूमध्ये हाच प्रोग्राम तसाच चालतो. मुलगा गोंधळतो तो इथे. त्याचा प्रोग्राम बरोबर आहे की चूक?

अशा वेळी त्याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: “हा भाषेचा प्रश्न नाही, मशीनचा आहे.” हे उत्तर मला मान्य नाही. सी भाषेच्या अधिकृत मानकात, १९८९ च्या पहिल्या आवृत्तीपासून, प्रोग्रामच्या रूपांतराचे ८ टप्पे सांगितले आहेत. आठवा टप्पा जोडणीचा: बाहेरच्या नावांचे संदर्भ सोडवणं आणि लायब्ररीतले भाग आणून जोडणं. ज्यांनी भाषा ठरवली त्यांनीच लिंकिंगला भाषेत जागा दिली आहे. इतिहासही हेच सांगतो. ग्रेस हॉपर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिव्हॅकसाठी केलेला ए-झिरो हा आद्य कम्पायलरांपैकी एक मानला जातो. त्याचं मुख्य काम होतं टेपवर साठवलेली तयार सबरूटीन शोधून एका प्रोग्राममध्ये गोळा करणं. आज आपण ते काम लिंकर आणि लोडरचं म्हणू.

म्हणून मी पुढचा सराव दोन फाइलींचा घेतो. एकीत ‘मेन’, दुसरीत व्याज काढणारं ‘व्याज’ नावाचं फंक्शन. ‘-सी’ पर्याय देऊन दोन्ही वेगवेगळ्या कम्पाइल करायच्या, जोडायच्या नाहीत. मग ‘एनएम’ ही आज्ञा चालवून प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमधली नावं वाचायची. पहिलीत ‘व्याज’समोर ‘यू’ दिसतो: नाव वापरलंय, पण कोड इथे नाही. दुसरीत त्याच नावासमोर ‘टी’: कोड इथे आहे. लिंकरला प्रत्येक ‘यू’साठी त्याचा ‘टी’ शोधून द्यायचा असतो. कापूस वेचला म्हणजे गाठ झाली, असं आपल्या धरणगावात कुणी म्हणणार नाही; मध्ये जिनिंग आहे, प्रेसिंग आहे. प्रोग्रामचंही तसंच आहे.

आता दुसरी फाइल तशीच ठेवून पहिली सी++ म्हणून कम्पाइल करायला सांगतो. जोडणी पुन्हा अडते, पण या वेळी तक्रारीत ‘व्याज’पुढे कंस आणि त्यात ‘डबल’ हा प्रकार दिसतो. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन असू शकतात, म्हणून कम्पायलर नावातच पॅरामीटरचे प्रकार गुंफतो. सीने मात्र नाव साधंच ठेवलेलं असतं. दोन्ही नावं जुळत नाहीत. घोषणेआधी ‘एक्सटर्न सी’ लिहिलं की जुळतात. घोषणा, व्याख्या, नावाची व्याप्ती, ओव्हरलोडिंग हे सगळे धडे या एका एररमध्ये आहेत. याला भाषेबाहेरचं म्हणायचं तर भाषेत उरतं काय?

सीमा आहे, हे खरं. डिस्क भरली, फोल्डरला परवानगी नाही, टर्बो सीमध्ये इन्क्लूड डिरेक्टरीचा पत्ता चुकीचा पडलाय, ही कामं मशीनची आहेत. ‘-एलएम’ हे अक्षरशः भाषेच्या मानकात नाही, ती त्या साधनाची रीत आहे. पण ते का लागतं, याचं उत्तर भाषेतच आहे. मी एकच कसोटी लावतो: अडचण एखाद्या नावाच्या घोषणेशी किंवा व्याख्येशी निगडित असेल, तर ती भाषा शिकवणाऱ्यानेच सोडवायची.

लहान गावात विचारायला माणसं मोजकीच असतात. एकाने दुसरीकडे बोट दाखवलं की मुलगा तिसरीकडे जात नाही, ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ असं धरून बसतो. म्हणून सीच्या पहिल्याच आठवड्यात ‘हॅलो’ छापण्याबरोबर दोन फाइली जोडणंही शिकवायला हवं, आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत त्याला गुण हवेत.