संघ कोणाचा?

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हैदराबाद फुटबॉल क्लब हा संघ आपले ठाणे हलवून दिल्लीस गेला आणि 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' या नव्या नावाने ओळखला जाऊ लागला. याच संघाने २० मार्च २०२२ रोजी इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद पटकाविले होते. अजिंक्य ठरलेला संघ चार वर्षे होण्यापूर्वीच गाव सोडून जातो आणि ज्यांनी त्याच्यासाठी घसे कोरडे केले त्यांना कोणी विचारीतही नाही, हे कसे घडते, याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी त्या संघाचा पिवळा सदरा हौसेने अंगावर घातला होता. निदान त्यांच्यासाठी तरी हा विचार करणे प्राप्त आहे.

प्रथम एक समजूत बाजूस सारली पाहिजे. खेळाचे शौकीन पराभवाने चिडतात, असे लोक म्हणतात. आमचे निरीक्षण थोडे निराळे आहे. २०१९-२० च्या आपल्या पहिल्याच हंगामात हा संघ दहा संघांत तळाशी राहिला. लोक हळहळले, प्रशिक्षकास नावे ठेवून मोकळे झाले आणि पुढील हंगामाची वाट पाहू लागले. पराभव मैदानावर सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो, म्हणून तो सोसवतो. बंद दाराआड जे ठरते आणि ज्याची वार्ता शेवटी लागते, ते मात्र सोसवत नाही.

हैदराबादेस फुटबॉलचे वेड नवीन नाही. जामबागेतून पायी जाता येण्याजोग्या अंतरावर जुने फतेह मैदान आहे, ज्यास आपण आज लालबहादूर स्टेडियम म्हणून ओळखतो. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. कूपरेजवर जमलेल्या मुंबईकरांनी दर वर्षी हैदराबादकडे जाणारा तो करंडक पाहिला. या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते. काचीगुडा आणि चादरघाट येथील शाळांतून त्यांनी मुले शिकविली. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने निवर्तले.

तो काळ सोन्याचा होता, असे म्हणून सुस्कारा सोडण्याचा आमचा हेतू नाही. सिटी पोलीसचा संघही प्रेक्षकांच्या मालकीचा नव्हता, तो एका सरकारी खात्याचा होता. कलकत्त्याच्या श्रीमंत क्लबांनी येथील खेळाडू उचलून नेलेच. तुळशीदास बलराम १९५७ साली ईस्ट बंगालला गेले, ते याच संघातून. पण खेळाडू गेले तरी संघ येथेच राहिला. हैदराबादचे पोलीस खाते उद्या दिल्लीस जाईल, ही भीती कोणास वाटण्याचे कारणच नव्हते.

आजची व्यवस्था वेगळी आहे. इंडियन सुपर लीगमध्ये संघ म्हणजे एक करार असतो. एखादा उद्योगपती किंवा काही भागीदार मिळून स्पर्धा चालविणाऱ्यांस रक्कम देतात आणि त्या बदल्यात एका शहराच्या नावे संघ उतरविण्याचा हक्क मिळवितात. खेळाडूंचे वेतन, मैदानाचे भाडे, प्रवास, निवास हा सारा खर्च त्यांनीच करावयाचा. तिकिटांपासून मिळणारे उत्पन्न या खर्चापुढे अगदी तुटपुंजे असते. मुख्य भिस्त पुरस्कर्त्यांवर आणि मालकाच्या खिशावर. मालक वर्षानुवर्षे तोटा सोसतो, हे त्याच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. परंतु ज्याच्या खिशावर सारे अवलंबून, त्याचा खिसा आटला की संघही आटतो. शहराचे नाव करारात असते, शहराची सही त्यावर नसते.

हे आमच्या पुणेकर नातलगांस आमच्याआधी कळले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफ.सी. २००७ साली निघाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये त्याने दुसरे स्थान मिळविले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो बंद पडला. कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. आय-लीगचा एकच हंगाम खेळला. मग उरला वाधवान समूहाचा एफ.सी. पुणे सिटी, जो बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळत असे. २०१९ साली तोही मोडला, त्याची सुपर लीगमधील जागा हैदराबादेस मिळाली आणि विजय मद्दुरी व वरुण त्रिपुरनेनी यांनी नवा संघ उभा केला. त्या दिवशी आम्ही हैदराबादकर आनंदलो. पुण्यात काहींच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल, हे आम्हांस सहा वर्षांनी समजले.

या संघाच्या वैभवाची कथाही चमत्कारिक आहे. कोरोनाच्या साथीमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यात झाले. म्हणजे ज्या वर्षी संघ अजिंक्य झाला, त्या वर्षी त्याने हैदराबादेत साखळीचा एकही सामना खेळला नाही. फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सने आघाडी घेतली, ८८ व्या मिनिटास साहिल ताव्होराने बरोबरी साधली आणि पेनल्टींच्या निर्णायक फेरीत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याने तीन फटके अडविले. ताव्होरा आणि कट्टीमनी दोघेही गोव्याचे. आम्ही हा पराक्रम दूरचित्रवाणीवर पाहिला. २०२२-२३ मध्ये संघ अखेर गच्चीबावलीच्या बालयोगी स्टेडियमवर परतला आणि पुन्हा साखळीत दुसरा आला. जामबागेपासून ते मैदान वीसेक किलोमीटर दूर. तरी माणसे गेली.

आणि मग अकस्मात, असे आम्हांस तरी वाटले, सारे ढासळले. खेळाडूंचे वेतन थकल्याच्या तक्रारी फिफापर्यंत गेल्या. नवे खेळाडू नोंदविण्यास बंदी झाली. हंगामाच्या मध्यावर परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले. २०२३-२४ मध्ये बहुतांशी तरुण पोरांच्या बळावर खेळणाऱ्या या संघास २२ सामन्यांत अवघा एक विजय मिळाला. २०२४ साली बी. सी. जिंदाल समूहाने संघ ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी तो दिल्लीस नेला.

हे खरोखर अकस्मात घडले काय? वेतन एका रात्रीत थकत नाही. येथे आम्हांस वृत्तपत्रांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, आणि पाठीराख्यांच्या रागाचा दुसरा रोखही तिकडेच असतो.

स्थानिक दैनिकाच्या क्रीडापानाची घडण पाहावी. बहुतेक जागा क्रिकेटने व्यापलेली. लीगचा सामना सायंकाळी साडेसातला सुरू होऊन साडेनऊच्या सुमारास संपतो, त्या वेळी लवकर निघणाऱ्या आवृत्तीची पाने छपाईकडे चाललेली असतात. म्हणून चार ओळींत निकाल येतो. यात कोणाचा दोष नाही. परंतु सामन्यांच्या मधल्या दिवसांत जे छापले जाते, ते पुष्कळदा क्लबच्या प्रसिद्धीविभागाने पाठविलेले निवेदनच असते: नवा खेळाडू आला, नवा सदरा निघाला, मालकांनी उज्ज्वल भवितव्याची ग्वाही दिली. वार्ताहरास मैदानात प्रवेश, खेळाडूंच्या मुलाखती, प्रशिक्षकाशी चार शब्द, हे सारे क्लबच्याच हाती असते. अप्रिय प्रश्न विचारणाऱ्यास हे दार बंद होण्याची धास्ती. शिवाय अनेक ठिकाणी फुटबॉलसाठी स्वतंत्र वार्ताहरच नसतो. जो क्रिकेट लिहितो तोच बॅडमिंटन लिहितो आणि उरलेल्या वेळात फुटबॉल. अशा माणसाने क्लबचे हिशेब केव्हा तपासावेत?

परिणाम असा होतो की वाचकास गोडगोड बातम्या महिनोगणती मिळतात आणि एके दिवशी सर्वनाशाची वार्ता. मधल्या पायऱ्या छापलेल्याच नसतात. मग पाठीराखा मालकावर जितका संतापतो तितकाच वृत्तपत्रावर, आणि आपसांतल्या अफवांवर विश्वास ठेवू लागतो. अफवा बऱ्याचदा खोट्या असतात, हे त्याला ठाऊक असते. पण रिकाम्या जागी काहीतरी भरावेच लागते.

कलकत्त्यास याच्या उलट चित्र दिसते. तेथील बंगाली दैनिकांत मैदानाच्या बातम्यांस पहिल्या पानावर जागा मिळते, क्लबच्या कार्यकारिणीतील भांडणेदेखील सविस्तर छापली जातात. (अतिशयोक्तीही भरपूर असते, हे मान्य.) २०२१ च्या जुलैमध्ये ईस्ट बंगालचे पाठीराखे गुंतवणूकदाराशी रखडलेल्या कराराच्या प्रश्नावर क्लबसमोर जमले, पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि ही वार्ता देशभर गेली. मोहन बागानच्या नावामागे २०२० साली 'ए. टी. के.' ही अक्षरे जोडली गेली, तेव्हा पाठीराख्यांनी तीन वर्षे निषेध चालू ठेवला. अखेर २०२३ साली अजिंक्यपद मिळाल्यावर मालक संजीव गोयंका यांनी ती अक्षरे काढल्याचे जाहीर केले. मालक तेच राहिले, पैसाही त्यांचाच. परंतु एवढ्या मोठ्या जमावाकडे, आणि तो जमाव रोज वर्तमानपत्रात दिसत असताना, काणाडोळा करणे त्यांस परवडले नाही. आमचा संघ सहा वर्षांचा, त्यांचा १८८९ सालचा, हा भेद अर्थातच आहे.

जर्मनीत हा प्रश्न नियमानेच सोडविला आहे. तेथे काही जुने अपवाद सोडता क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांकडे असावी लागतात. बाहेरचा धनिक पैसा घालू शकतो, पण क्लब उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही. इंग्लंडात तसा नियम नाही. २००२ साली लंडनच्या विंबल्डन क्लबच्या मालकांना संघ मिल्टन कीन्स या दूरच्या गावी नेण्याची परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी त्याच उन्हाळ्यात ए.एफ.सी. विंबल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला आणि एका सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड केली. नवव्या पायरीवरील हौशी लीगपासून त्यांनी प्रारंभ केला. २०११ मध्ये ते मुख्य लीगमध्ये पोहोचले. पुढे जुन्या प्लाऊ लेन मैदानाजवळच नवे मैदान बांधण्याचे त्यांनी ठरविले, आणि पैसा अपुरा पडला तेव्हा पाठीराख्यांनीच कर्जरोखे विकत घेतले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या मैदानावर पहिला सामना झाला. साथ चालू असल्याने प्रेक्षकांस आत जाण्याची बंदी होती, आणि ज्यांनी विटेविटेसाठी पैसे दिले होते त्यांनी तो सामना, आमच्याप्रमाणेच, घरी बसून पाहिला.