जुन्या हातसंगणकांत आवाज कसा भरावा

घागरींतील पाणी फुलपात्रांत ओतावयाचें म्हटलें म्हणजे बरेंचसें पाणी मागें ठेवावें लागतें. पाण्याच्या बाबतींत कोणतें मागें राहिलें याला महत्त्व नाहीं. आवाजाच्या बाबतींत सारें महत्त्व त्यालाच आहे. आजच्या संगणकावरील ध्वनीची फाईल वीस-तीस वर्षांपूर्वींच्या हातांत मावणाऱ्या संगणकावर वाजवावयाची झाली, कीं हाच प्रश्न उभा राहतो.

असे हातसंगणक आतां कपाटांत पडून असतात. हौसेनें ते पुन्हा चालविणारेही आहेत. आवाजाच्या बाबतींत मात्र हीं यंत्रें सारखीं नव्हतीं. १९९६ सालच्या ‘पायलट’ या यंत्राचा कंठ पीं-पीं करण्यापुरताच होता. २००२ सालचें ‘टंगस्टन टी’ योग्य प्रोग्राम घातला म्हणजे एमपीथ्री फाईल तशीच वाजवीत असे. या दोहोंच्या मध्यें बसणारें यंत्र म्हणजे लंडनच्या सायॉन कंपनीचें १९९३ सालचें ‘सीरीज थ्री ए’. रूपांतराचें मर्म त्यावरून उत्तम समजतें.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. संगणक ठराविक अंतरानें हे चढउतार मोजतो आणि प्रत्येक मोजणीचा आंकडा लिहून ठेवतो. संगीताच्या सीडीवर ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळां, डाव्या व उजव्या अशा दोन कानांसाठीं, आणि १६ बिटांच्या बारकाईनें होते. एका मिनिटाला त्यासाठीं सुमारें १ कोटि ६ लक्ष बाइट जागा लागते. सीरीज थ्री ए एकाच कानासाठीं, सेकंदाला ८,००० वेळां आणि ८ बिटांनीं मोजतो. मिनिटाला ४ लक्ष ८० हजार बाइट. म्हणजे सीडीचा केवळ बाविसावा हिस्सा! तरीही ज्या यंत्राची स्मृति ५१२ किलोबाइट, त्यांतील बहुतेक सारी जागा एका मिनिटाच्या बोलण्यानें अडते.

आठ बिटांत आवाजाच्या उंचीच्या अवघ्या २५६ पायऱ्या बसतात. या पायऱ्या सारख्या ठेवल्या तर हळू आवाज खरखरूं लागतो. म्हणून ‘ए-लॉ’ नांवाच्या पद्धतींत हळू आवाजापाशीं पायऱ्या लहान आणि मोठ्या आवाजाकडे उंच ठेवलेल्या असतात. भारतांतील डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजांतही हीच पद्धति व मोजणीचा हाच वेग योजिलेला आहे. त्यामुळें या यंत्रांतील आवाज टेलिफोनवरील आवाजासारखा वाटतो, त्यांत नवल नाहीं.

आतां रूपांतराचा क्रम. प्रथम दोन कानांचे दोन प्रवाह एकत्र करावे. नंतर सेकंदास ४,००० कंपनांच्या वरचा भाग गाळून टाकावा, आणि मगच मोजणीचा वेग ८,००० वर आणावा. हा क्रम उलटा करून चालत नाहीं. चित्रपटांत गाडीचीं चाकें कधीं कधीं उलटीं फिरतांना दिसतात. विरळ मोजणीनें डोळा जसा फसतो तसाच येथें कान फसतो. न गाळलेला ५,००० कंपनांचा स्वर ८,०००च्या मोजणींत ३,००० कंपनांचा होऊन बसतो, आणि एकदां मिसळला कीं वेगळा काढतां येत नाहीं. त्यानंतर आवाजाची पातळी, शिखरें कापलीं जाणार नाहींत इतपत, उंच करावी आणि शेवटीं ए-लॉचा साज चढवावा. ‘सॉक्स’ हा विनामूल्य मिळणारा प्रोग्राम हें गाळणें आपण होऊन करतो व सायॉनची ‘डब्ल्यूव्हीई’ फाईलही तयार करतो. फाईलचें नांव मात्र आठ रोमन अक्षरांच्या आंत ठेवावें. त्याहून मोठें नांव यंत्रास चालत नाहीं.

या गाळण्यांत काय जातें? माणसाचें बोलणें राहतें. पण ‘स’काराचा बराचसा फुत्कार ४,००० कंपनांच्या वर असल्यामुळें तो बोथट होतो, आणि ‘सार’ कीं ‘फार’ असा संशय पडतो. तंबोऱ्याची झळाळी जाते. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं जात्यावरील ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. त्या कार्यांत बर्नार बेल यांनीं १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें, आणि २०१७ पासून ‘परी’ या संस्थेनें तें लोकांपुढें आणलें. अशी एखादी ओवी हातसंगणकांत घातली तर शब्द कळतील, पण जात्याची खोल घरघर त्या इवल्याशा भोंग्यांतून उमटणार नाहीं. म्हणून खिशांतली प्रत ऐकण्यासाठीं आणि मूळ मुद्रण जपण्यासाठीं, हा भेद कधींही विसरूं नये.

अहिल्यानगरजवळ नागापूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणारास हें निराळें सांगावें लागत नाहीं. जॉब जाड राहिला तर आणखी एक कट घेतां येतो. माप खालीं गेलें तर उतरलेलें लोखंड परत चढत नाहीं. आठ हजारांवर आणलेली फाईल पुन्हा ४४,१०० वर नेली तर आंकडे वाढतील, गेलेला ‘स’ परत येणार नाहीं.

याच्या उलट एक प्रसंग आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. सीरीज थ्री एला मायक्रोफोनही होता. एखाद्या घरांतील वडील माणसाचे चार शब्द त्या यंत्रांतच मुद्रित झाले असतील, तर तेथें तीच अल्प प्रत मूळ ठरते. अंतर्गत स्मृति दोन पेन्सिल सेल व एक बटणासारखा राखीव सेल यांच्या जिवावर टिकते. दोन्ही संपले कीं ती कोरी होते. स्वतंत्र ‘फ्लॅश’ पट्टीवर उतरविलेलें मात्र विजेवांचून राहतें. असें यंत्र अजून चालतें असेल तर त्यांतील फाईल आधीं केबलनें संगणकावर घ्यावी, ती जशीच्या तशी ठेवावी, आणि ऐकण्यासाठीं तिच्यापासून १६ बिटांची निराळी ‘वेव्ह’ प्रत करावी. तोंवर पेन्सिल सेल बदलतांना राखीव सेलाला हात लावूं नये.