पांढऱ्या घोडीची काळी कातडी

लग्नसराईत पुण्याच्या वारज्यातून वरात निघते तेव्हा नवरदेवाची पांढरीशुभ्र घोडी जन्मतःच पांढरी असेल असे नाही. तिच्या डोळ्यांभोवती पाहावे. तिथे केस विरळ असतात. खालची कातडी गुलाबी असेल तर ती जन्मापासूनच पांढरी. देशी घोड्यांच्या बाजारात अशा जनावराला नुकरा म्हणतात. कातडी काळी असेल, तर ही घोडी शिंगरू असताना काळी, तांबडी किंवा तपकिरी होती.

रंग तसा प्रत्येक शिंगराचा बदलतो. जन्माची मऊ लव तीन-चार महिन्यांत गळू लागते आणि खालून खरा रंग वर येतो. कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी, शिंगराचे पाय आधी फिकट असतात, ते मग काळे होतात. पुढे काळे राहणारे शिंगरू पुष्कळदा मातकट राखाडी जन्मते. उलट जे पांढरे होणार, ते अनेकदा जन्मतः गर्द असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातला रंग पाहून सौदा करणाऱ्याची फसगत होऊ शकते. भरवशाची खूण डोळ्यांभोवती मिळते. लव गळताना तिथे पांढऱ्या केसांची कडी उमटली, की शिंगराची वाट ठरली. मग चेहरा उजळतो, अंगावर फिकट गोल ठिपके येतात. पाय बहुधा मागे राहतात.

रंग असा उडून जाण्याचे कारण २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधले. एसटीएक्स-१७ या जनुकात सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दुबार लिहिला गेला आहे. हा बदल हजारो वर्षांपूर्वी एका पूर्वजात झाला आणि तिथून जगभर पसरला. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो. या बदलामुळे तो भराभर वापरला जातो, सगळे बियाणे एकाच हंगामात पेरून टाकावे तसा. साठा संपला की पुढचा केस बिनरंगी उगवतो. कातडीतल्या रंगपेशी मात्र शाबूत राहतात.

पांढरे होण्याचा हा गुण आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो आणि तो पिढी गाळून उगवत नाही. पांढऱ्या होणाऱ्या शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी तसाच असला पाहिजे. वंशावळ तपासणाऱ्यांना हा नियम मोलाचा वाटतो. भारतातल्या शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंद पुण्यातच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे ठेवली जाते. लहानपणी नोंदवलेला रंग पुढे पार बदलणार असेल, तर घोडा ओळखायचा कशावरून? अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून. आपल्याकडचे जुने अश्वपारखी शुभाशुभ ठरवण्यासाठी भोवरे पाहत. ओळख पटवायला ते आजही कामी येतात, कारण त्यांची जागा बदलत नाही. जन्मतः पांढरा पाय असेल तर तोही सापडतो: पाय ओला केला की तेवढ्याच भागात गुलाबी कातडी दिसते.

या शुभ्रतेची किंमत जनावराला मोजावी लागते, आणि तिची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. जो बदल केसातला रंग संपवतो, तोच कातडीतल्या रंगपेशींना वाढायला लावतो. पंधरा वर्षांपुढच्या अशा घोड्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्क्यांमध्ये मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या, गाठी आढळतात. दोन्ही पालकांकडून हा गुण आलेल्या आणि मूळ रंग काळा असलेल्या घोड्यांना धोका अधिक.

मात्र सगळे पांढरे घोडे सारखे नाहीत, हे २०२४ मध्ये उघड झाले. एसटीएक्स-१७ मधला तो तुकडा सलग दोनदा असेल तर घोडा हळूहळू उजळतो, बहुधा पूर्ण पांढरा होत नाही आणि त्याला गाठीही क्वचित होतात. तीनदा असेल तर दहाएक वर्षांत पांढराशुभ्र होतो. गाठी होतात त्या मुख्यतः याच प्रकारात. म्हणजे वरातीसाठी लवकर शुभ्र होणारे जनावर निवडून त्याचीच पैदास करत राहिले, तर आपण नकळत आजारही निवडत असतो.

या गाठी बहुधा शेपटीखाली, गुदद्वाराभोवती आणि ओठांवर येतात. सुरुवातीला त्या दुखत नाहीत, म्हणून लक्षात येत नाहीत. खरारा करताना शेपूट उचलून तिथे हात फिरवावा. लहान गाठ पशुवैद्य शस्त्रक्रियेने काढू शकतात. वाढू दिली तर घोडीला लीद टाकणेही कठीण होते.