चालकाची दृष्टी

रात्री नांदेडहून लातूरकडे मोटारगाडी निघते. प्रवासी निश्चिंतपणे झोपी जातात. चालक मात्र जागा असतो. परंतु केवळ जागे राहून भागत नाही; त्याचे डोळे व कान निर्दोष असावे लागतात.

म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या गाडीच्या चालकास परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. भर उजेडात २५ मीटरांवरून गाडीचा क्रमांक वाचता येतो काय, रंगांधळेपणा आहे काय, रातांधळेपणा आहे काय, भोंगा ऐकू येतो काय, हे डॉक्टर तपासतात. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तपासणी होते. कारण दृष्टी हळूहळू मंदावते आणि ते स्वतः चालकाच्याही ध्यानी येत नाही.

ही तपासणी चालकाचा अपमान नव्हे. त्याच्यावर विसंबून झोपलेल्या जिवांचे ते रक्षण आहे.