थंडीचा कडाका आणि घरचा संगणक

दिवाळीची पहिली आंघोळ झाली की घोडनदीकाठच्या शिरूरला आणि भीमाकाठच्या दौंडला थंडीची चाहूल लागते. पौषात पारा कित्येकदा १० अंशांच्याही खाली उतरतो आणि उसाच्या फडावर धुके असे दाटते की समोरचा बांध दिसू नये. अशा दिवसांत पत्र्याच्या खोलीतल्या संगणकाची काळजी घरच्या वडीलधाऱ्यांना पडते. मग कोणी त्यावर गोधडी घालतो, तर कोणी शेजारी शेगडी पेटवून ठेवतो!

खरे म्हणजे थंडीशी या यंत्राचे वैर नाही. बहुतेक घरगुती संगणक ५ किंवा १० अंशांपासून ३५ अंशांपर्यंत चालावेत असेच बनवितात, आणि चालू झाला की तो आपण होऊन तापतो. मोठ्या संगणकगृहांतून तर मुद्दाम गार वारा खेळवावा लागतो. आपल्याकडे त्याचा खरा काळ म्हणजे वैशाख!

हिवाळ्यात भय आहे ते दहिवराचे. अगदी गार पाणी पितळी पेल्यात ओतले की पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तोच प्रकार. समजा, रात्रभरात संगणकाचा पत्रा १० अंशांपर्यंत गारठला. सकाळी बंब पेटला, न्हाणीघराची वाफ आत शिरली आणि खोलीतली हवा २० अंशांची व ६० टक्के दमट झाली. अशी हवा १२ अंशांनाच पाणी सोडू लागते. पत्र्यावर थेंब आलेच म्हणून समजा! तो थेंब आत विजेच्या वाटेत सापडला की यंत्र कामातून गेले. तेव्हा बंद यंत्र ऊब येताच सुरू करू नये. दोन-तीन तास जाऊ द्यावेत. पहाटेच्या गारठ्यातून मोटारसायकलवर आणलेला लॅपटॉपही तितका वेळ पिशवीतच राहू द्यावा. चालू संगणकाला दहिवराची भीती जवळजवळ नाही, कारण तो हवेहून उबदार असतो. पण त्याच्यावर गोधडी मात्र नको. जीव गुदमरतो बिचाऱ्याचा.

शेगडीचे मात्र थट्टेवारी नेऊ नका. मुलगा परीक्षेच्या अभ्यासाला बसला म्हणून दारे-खिडक्या लावून आत निखारे ठेवतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डुलकी लागलेला माणूस जागा होत नाही. मुलाला थंडी वाजत असेल तर संगणकावरची ती गोधडी काढून त्याच्या खांद्यावर टाका.