लिनक्सचे पॅकेज घरी बांधताना

लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम दोन रूपांत नांदतात. पहिले रूप माणसाला वाचता येते. सी, रस्ट अशा भाषांत लिहिलेल्या या फाइलींना सोर्स कोड म्हणतात. दुसरे रूप यंत्राला चालवता येते, ते बायनरी. पहिल्यातून दुसरे तयार करण्याच्या कामाला कंपाइल करणे किंवा बिल्ड करणे म्हणतात. पॅकेज ही त्यापुढची पायरी आहे. तयार बायनरी, तिची मदतीची पाने, सेटिंगच्या फाइली, कोणती फाइल कोठे ठेवायची याचा हिशेब, आवृत्तीचा क्रमांक आणि ‘हे चालायला आणखी काय काय लागेल’ याची यादी असे सगळे एका गठ्ठ्यात बांधलेले असते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर या गठ्ठ्याला ‘डेब’ म्हणतात, फेडोरा आणि रेड हॅटवर ‘आरपीएम’.

हे गठ्ठे सगळ्यांसाठी आधीच कोणी तरी बांधून ठेवलेले असतात. इयन मर्डॉक याने 16 ऑगस्ट 1993 रोजी डेबियन जाहीर केले. जगभरातल्या स्वयंसेवकांनी पॅकेजे बांधायची आणि वापरणाऱ्याने एका आज्ञेत ती उतरवून घ्यायची, ही रीत त्यातून रुजली. त्यामुळे बहुतेकांना आयुष्यभर सोर्सकडे वळावे लागत नाही, आणि त्यात काही वावगे नाही. पण बांधणारा सरासरी वापरणाऱ्याचा विचार करून बांधतो. ज्याची गरज त्या सरासरीत बसत नाही, त्याला गठ्ठा सोडून पुन्हा बांधावा लागतो.

अशी गरज भाषेच्या बाबतीत फार लवकर भासते. छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यातले अहिवारा घ्या. हे गाव भिलाईजवळ, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीशेजारी आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा देशभरातून माणसे या पट्ट्यात आली आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. इथे घराबाहेर छत्तीसगढी, कार्यालयात हिंदी आणि अशा घरांत मराठी चालते. लिनक्सच्या पायाभूत ‘जीलिबसी’ या लायब्ररीत तिन्ही भाषांसाठी वेगवेगळ्या फाइली आहेत: हिंदीसाठी ‘एचआय-आयएन’, मराठीसाठी ‘एमआर-आयएन’ आणि छत्तीसगढीसाठी ‘एचएनई-आयएन’. वारांची आणि महिन्यांची नावे, तारीख लिहायची पद्धत, रुपयांच्या रकमेत स्वल्पविराम कोठे द्यायचे, अशा गोष्टी त्यांत साध्या मजकुरात लिहिलेल्या असतात. कोणत्याही संपादकात ही फाइल उघडता येते, बदलता येते आणि ‘लोकेलडेफ’ या आज्ञेने तिचे यंत्राला समजणारे रूप करता येते. सोर्सपासून बांधणी म्हणजे काय हे पहिल्यांदा अनुभवायला यापेक्षा सोपे काम सापडणे कठीण.

छत्तीसगढीचा संगणकावरचा प्रवेश याच मार्गाने झाला. 28 नोव्हेंबर 2007 रोजी छत्तीसगड विधानसभेने तिला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक मंजूर केले. पण पडद्यावरच्या मेनूंत ती आली ती केडीई या डेस्कटॉपच्या भाषांतरातून, आणि त्यात मोठा वाटा रविशंकर श्रीवास्तव ऊर्फ रवि रतलामी यांचा होता. मुक्त सोर्समध्ये भाषांतराच्या फाइली प्रोग्रामपासून वेगळ्या असतात. ‘पीओ’ फाइलीत इंग्रजी वाक्याखाली भाषांतर लिहायचे आणि ‘एमएसजीएफएमटी’ने ती कंपाइल करायची. सी भाषेचा एक शब्दही ज्याला येत नाही, त्यालाही एवढे जमते. एखाद्या कंपनीने बाजारपेठ मोजून ‘ही भाषा परवडत नाही’ असे ठरवले तरी काम अडत नाही, ही या व्यवस्थेची खरी थोरवी आहे.

मराठीची अडचण जरा वेगळी आहे, ती अक्षराच्या वळणाची. महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहायचे. हिंदीत या दोन्ही अक्षरांचे वळण निराळे आहे. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने मात्र दोन्ही भाषांच्या ‘ल’ला एकच क्रमांक दिला आहे, म्हणून फाइलीत साठवलेले अक्षर तेच राहते आणि पडद्यावरचे वळण फाँट ठरवतो. हिंदी मुलखातल्या संगणकावर हिंदी वळणाचा फाँट येतो आणि मराठी मुलाला शाळेबाहेरही पाकळीचा ‘ल’ दिसत नाही.

अशा वेळी पहिले काम बांधणीचे नाही, शोधाचे आहे. आपल्याला हवे ते कोणी आधीच बांधून ठेवले आहे का, ते पाहावे. या बाबतीत तसे झालेले आहे. रेड हॅटने मुक्त केलेल्या आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी दीर्घकाळ सांभाळलेल्या ‘लोहित’ या फाँटकुळात मराठीसाठी स्वतंत्र फाँट आहे, आणि डेबियनवर तो ‘फाँट्स-लोहित-देवा-मराठी’ या नावाने उतरवता येतो. लोहित म्हणजे लाल. आधी हे फाँट जीपीएल परवान्याखाली होते, 2011 पासून ते ओपन फाँट लायसन्सखाली आले. ज्याला एवढे पुरते त्याने इथेच थांबावे. पण एखाद्याला दुसराच देवनागरी फाँट आवडला, आणि त्यात हिंदी वळणच असले, तर मग सोर्स उघडावा लागतो.

डेबियनवर हे काम ठरलेल्या क्रमाने होते. पॅकेजे जेथून उतरतात त्या भांडारांच्या यादीत ‘डेब’च्या जोडीला ‘डेब-एसआरसी’ ही नोंद चालू करावी लागते, म्हणजे सोर्सही उतरवता येतो. ‘ॲप्ट सोर्स’ आणि पुढे पॅकेजचे नाव दिले की सहसा तीन फाइली येतात. पहिल्या फाइलीत मूळ लेखकाचा कोड जसाच्या तसा बांधलेला असतो. दुसरीत डेबियनच्या बांधणाऱ्याने घातलेली भर असते. तिसरीत या दोन्हींचे ठसे असतात, म्हणजे वाटेत कोणी फेरफार केला तर लक्षात येतो. मूळ आणि भर अशी वेगळी ठेवण्यामागे मोठा समंजसपणा आहे. लेखकाचे काय आणि बांधणाऱ्याचे काय, हे कोणालाही कधीही निवडून पाहता येते.

भर असते ती ‘डेबियन’ नावाच्या फोल्डरात. त्यातली ‘कंट्रोल’ फाइल पॅकेजचे नाव-गाव आणि गरजा सांगते, ‘रूल्स’ फाइल बांधणीची कृती सांगते, ‘चेंजलॉग’मध्ये आवृत्तींचा इतिहास असतो आणि ‘पॅचेस’मध्ये मूळ कोडात केलेले बदल एकेक करून ठेवलेले असतात. फेडोरावर यातले बहुतेक ‘स्पेक’ नावाच्या एका फाइलीत मावते, तर आर्च या लिनक्सवर ‘पीकेजीबिल्ड’मध्ये. नावे बदलली तरी आशय तोच राहतो.

गरजांच्या बाबतीत नवखा माणूस हमखास अडखळतो. गरजा दोन प्रकारच्या असतात: चालवताना लागणाऱ्या आणि फक्त बांधताना लागणाऱ्या. नंदिनीच्या चुनखडीवर वाढलेल्या माणसाला हा फरक पटकन उमगेल. झोतभट्टीत चुनखडी घातल्याशिवाय लोखंडातला मळ सुटत नाही, पण भिलाईच्या रुळात चुनखडी नसते. ती मळीबरोबर बाहेर पडते. कंपायलर, ‘मेक’, फाँटसाठी लागणारा फाँटफोर्ज ही सारी बांधणीची चुनखडी. तयार पॅकेज वापरणाऱ्याला त्यांची गरज नसते, म्हणून साध्या संगणकावर ती नसतात. ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ ही आज्ञा ती सगळी एकदम आणून देते. ही पायरी गाळली की अमुक ‘डॉट एच’ फाइल सापडत नाही असे सांगून बांधणी अर्ध्यात थांबते. ती फाइल लायब्ररीच्या ‘डेव्ह’ शेपटीच्या पॅकेजात असते, फेडोरावर ‘डेव्हेल’ शेपटीच्या.

गरजा भागल्या की बदल करायचा. फाँटच्या सोर्समध्ये प्रत्येक अक्षराची रेखाकृती आणि अक्षरे कशी जुळवायची याचे नियम असतात. फाँटफोर्जमध्ये पाकळीचा ‘ल’ काढायचा आणि हिंदी ‘ल’ न पुसता त्याच्या शेजारी पर्याय म्हणून ठेवायचा. मग ‘मजकूर मराठी असेल तर हा घ्यावा’ असा नियम लिहायचा. ओपनटाइप या फाँटच्या प्रमाण रचनेत याला ‘लोकल’ रूपांची सोय आहे आणि मराठीसाठी ‘एमएआर’ ही खूण ठरलेली आहे. मजकूर मराठी असल्याचे प्रोग्रामला कळले की तोच फाँट हिंदी पानावर हिंदी ‘ल’ आणि मराठी पानावर मराठी ‘ल’ दाखवतो. जिथे एकाच संगणकावर दोन्ही भाषा वाचल्या जातात, तिथे हाच मार्ग बरा. एक काळजी मात्र घ्यायची. ओपन फाँट लायसन्स बदलाला पूर्ण मुभा देते, पण मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फाँटला दुसरे नाव द्यावे लागते. ‘कॉपीराइट’ फाइल वाचल्याशिवाय बदललेले पॅकेज दुसऱ्याला देऊ नये.

केलेला बदल ‘डीपीकेजी-सोर्स’च्या ‘कमिट’ या पर्यायाने पॅच म्हणून नोंदवता येतो. पॅच म्हणजे जुन्या आणि नव्या ओळींतला फरक. लॅरी वॉल याने 1985 मध्ये ‘पॅच’ हा प्रोग्राम लिहिला आणि सारा कोड न पाठवता फक्त फरक पाठवण्याची सोय झाली.

मग चेंजलॉगमध्ये नवी नोंद आणि नवा आवृत्ती-क्रमांक. ही पायरी किरकोळ वाटते, पण पुढचे सुखदुःख तिच्यावर अवलंबून असते. समजा भांडारात 2.1-3 ही आवृत्ती आहे. तिच्या पुढे अधिकचे चिन्ह आणि गावाचे नाव रोमन अक्षरांत जोडून ‘2.1-3+अहिवारा1’ अशा धर्तीचा क्रमांक दिला, तर डेबियनच्या हिशेबात तो 2.1-3 पेक्षा मोठा आणि 2.1-4 पेक्षा लहान ठरतो. म्हणजे आजचे अधिकृत पॅकेज घरच्या पॅकेजाला हटवत नाही, आणि उद्या सुरक्षेची दुरुस्ती असलेले 2.1-4 आले तर ते अडतही नाही. ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने घरचे पॅकेज गोठवून ठेवता येते, पण तसे केले तर सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर स्वतःच लक्ष ठेवावे लागते.

शेवटी ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’. ही आज्ञा रूल्स फाइलीतली कृती चालवते, प्रोग्रामसोबत चाचण्या असतील तर सहसा त्याही घेते आणि एक पायरी वरच्या फोल्डरात डेब फाइल ठेवते. ती ‘ॲप्ट’नेच बसवावी.

जुन्या पुस्तकांत यापेक्षा छोटी वाट सापडते: ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’. ‘मेक’ बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन याने 1976 मध्ये लिहिले आणि आजही ते असंख्य प्रोग्रामांच्या मुळाशी आहे. ‘कॉन्फिगर’ संगणकाची तपासणी करते आणि कोणती सोय हवी, कोणती नको हे तिथेच सांगता येते. या वाटेने प्रोग्राम चालतो, पण त्याच्या फाइली कोठे कोठे पसरल्या याची नोंद पॅकेज व्यवस्थेकडे राहत नाही. काढायची वेळ आली की खरा त्रास कळतो. ही वाट धरायचीच असेल तर फाइली ‘यूएसआर-लोकल’ या राखीव जागेतच जाऊ द्याव्यात, अधिकृत पॅकेजांच्या जागेत कधीच नाही.

आपल्या संगणकावर बांधलेले पॅकेज दुसऱ्याच्या संगणकावर चालेलच असे नाही, कारण आपल्याकडे सहज पडून असलेल्या लायब्ररीवर ते नकळत टेकलेले असते. यावर ‘एसबिल्ड’ आणि फेडोराचे ‘मॉक’ हे उपाय आहेत. ते दर वेळी कोरी, किमान सामानाची खोली उभारतात आणि त्यात बांधणी करतात. कंट्रोल फाइलीत न लिहिलेली गरज तिथे लगेच उघडी पडते.

सोर्स वाचता येतो म्हणून बायनरी विश्वासाची, असे मात्र आपोआप होत नाही. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामातली चोरवाट उघड केली. एसएसएचने दूरच्या संगणकात लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून तो तिथवर पोचला. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्तींच्या बांधणीत ती चोरवाट घुसवणारी ओळ मूळ कोड ठेवलेल्या सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात तेवढी होती. भांडार वाचणाऱ्यांना ती दिसली नसती. निदान बायनरी दाखवलेल्या सोर्समधूनच आली आहे का, हे पडताळण्यासाठी ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ची चळवळ महत्त्वाची आहे: त्याच सोर्समधून दोन ठिकाणी, दोन माणसांनी बांधलेली पॅकेजे शेवटच्या बिटपर्यंत सारखी यायला हवीत. बांधणीची वेळ फाइलीत छापली गेली तरी हे बिघडते, म्हणून ती वेळ चेंजलॉगवरून ठरवून देतात. ज्याने घरी एकदा पॅकेज बांधले आहे, तोही मग या पडताळणीत भाग घेऊ शकतो.

घरचा बदल घरीच ठेवला तर दर नव्या आवृत्तीबरोबर तो पुन्हा लावावा लागतो, आणि मूळ कोड हलला की पॅच बसत नाही. म्हणून पॅचच्या डोक्यावर तो काय करतो आणि मूळ लेखकाला कळवला आहे का, हे लिहायची डेबियनमध्ये पद्धत आहे. ‘फॉरवर्डेड’ या शब्दापुढे आधी ‘नो’ असते. डेबियनच्या दोष-नोंदवहीत किंवा मूळ प्रकल्पाकडे पॅच पाठवला की तिथे त्याचा पत्ता येतो. लेखकाने तो स्वीकारला की पुढच्या आवृत्तीत पाकळीचा ‘ल’ मुळातच असतो, पॅचच्या यादीतली ती ओळ खोडता येते, आणि गावाचे नाव लावलेल्या पॅकेजाच्या जागी नेहमीच्या अद्ययावतीकरणात अधिकृत पॅकेज येऊन बसते.